आधी स्वतःला विशाल प्रकल्प म्हणवून घ्या

घरपट्टीची नोटीस आली की पालिकेच्या खिडकीवर जाऊन हप्ते बांधून मागणारी माणसं पाहिली की दया येते. अहो, सवलत अशी मागतात का कुठे? आधी स्वतःला विशाल प्रकल्प म्हणवून घ्या. जमल्यास अतिविशाल. आपल्या राज्यात उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे; मोठ्या गुंतवणुकीच्या कारखान्याला तिच्यात 'विशाल' म्हणतात. मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, आणि अंग पुरेसं मोठं असेल तर मंत्रिमंडळ उपसमिती तुमच्या मापाचं खास पॅकेज शिवून देते. तुमच्या दोन खोल्यांचं माप कोणी घेत नाही, कारण तुम्ही एक वाक्य कधी उच्चारलंच नाहीत : 'नाहीतर मी गुजरातला चाललो.'

हे पाठ करा. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा दीड लाख कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत गेला, तेव्हा इकडे कशी छाती पिटली गेली ते आठवा. (पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. तोवर आपलं रडून झालं होतं.) तुम्ही गेलात तर फार तर रेशनकार्डावरचं नाव कमी करतील. पण बोलून बघायला काय जातं?

मग जीएसटीची गंमत समजून घ्या. तुम्ही वॉशिंग मशीन घेता. कर १८ टक्के, त्यातला निम्मा राज्याचा, म्हणजे २०,००० च्या किमतीवर १,८०० रुपये. तुम्हाला वाटतं, गेले तालुक्याच्या दवाखान्याला, चांगलं झालं. पण मशीन इथलंच आणि कारखाना योजनेत पात्र असेल, तर राज्याच्या हिश्शातला पैसा अनुदान म्हणून वर्षानुवर्षं कारखान्याकडे परत जातो. कर तुम्ही भरायचा, पावती सरकारने फाडायची आणि परतावा तिसऱ्यानेच घ्यायचा. तेव्हा मशीन घेणाऱ्यांतून मशीन करणाऱ्यांत लवकर बदली करून घ्या.

दिल्लीचाही आशीर्वाद आहेच. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, नव्या कारखान्यांना १५. वर्षाला १.४५ लाख कोटी सोडले, असं सरकारनेच सांगितलं. हा कर राज्यांबरोबर वाटून घ्यायचा असतो. म्हणजे औदार्य दिल्लीचं, आणि खिसा सगळ्यांचा. दिल्लीचे उपकर आणि अधिभार मात्र राज्यांना वाटायचे नसतात, त्यामुळे ते सुखरूप आहेत.

तिजोरी अशी हलकी झाली की तुमच्या दानशूरपणाला मोकळं रान. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपनीला नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढावेच लागतात. ते कुठे घालायचे याची सोय सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये केली : शाळा दत्तक घ्या. गावच्या शाळेला पाच वर्षांसाठी ५० लाखांच्या वस्तू आणि सेवा द्या, आणि शाळेच्या नावाला आपल्या आवडीचं नाव जोडा. मोठ्या शहरात भाव दोन कोटी. फक्त आधी पट बघून घ्या. वीसच्या आतल्या शाळा समूह शाळांत मिसळण्याचे प्रस्ताव त्याच महिन्यात मागवले गेले होते. नाहीतर तुमची पाटी राहायची आणि शाळाच जायची.

पाटीच्या अनावरणाला पालकमंत्र्यांना बोलवा. हार घालताना हळूच सांगा, 'साहेब, दुसऱ्या टप्प्याच्या वीज शुल्काचं तेवढं बघा.'