पॉलिशचे फोम पॅड उकळत्या पाण्यात टाकू नका
नाशिकच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की गाडी पॉलिश करायच्या मशीनला लावतात ते फोम पॅड उकळत्या पाण्यात टाका, पिळा, कडक उन्हात वाळवा, नव्यासारखे होतात. हे चुकीचंय. फोमला मागचा वेल्क्रो गोंदाने चिकटवलेला असतो, उकळत्या पाण्याने तो गोंद सैल पडतो आणि पिळलं की फोम फाटतो, अंबडला माझ्या वर्कशॉपमध्ये असे दोन पॅड मी स्वतः घालवलेत. काम झाल्या झाल्या, कंपाउंड (पॉलिश करायची पेस्ट) सुकायच्या आत, कोमट पाणी आणि थोडा लिक्विड सोप घेऊन तळहाताने दाबत दाबत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग टॉवेलमध्ये दाबून वेल्क्रो वर, फोम खाली असं सावलीत ठेवा म्हणजे पाणी गोंदाकडे उतरत नाही. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन तर नकोच, फोम ठिसूळ होतो. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा पण टाका.