‘इंजिन चुकीच्या जागी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “मुळात इंजिनच चुकीच्या जागी. कंपनीला वर्षानुवर्षं तो दोष झाकत बसावं लागलं. आजची साधी हॅचबॅक हिच्यापेक्षा चांगली वळते, पेट्रोलही कमी पिते. युरोत पगार मिळायला लागला की माणसाला दोषातही काव्य दिसतं.”

शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. गाडीला हवी तेवढी नावं ठेवा, पण माझ्या पगाराचा वळणाशी काय संबंध? माझ्या वडिलांचं कोल्हापुरात गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथे असायचो, फियाट आणि जीपच्या खाली, हातात पाना घेऊन. जर्मनीत श्टुटगार्टला आलो तोही सस्पेन्शनच्या कामासाठी. माझी १९८६ ची कारेरा, म्हणजे ९११ चंच एक मॉडेल, मी इंजिन उतरवलेल्या अवस्थेत घेतली आणि स्वतः उभी केली. एवढं केल्यावर कुणी मला ‘हौशी श्रीमंत’ ठरवलं तर लागतं. लागलं.

आता ‘चुकीची जागा’. हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसलंय, साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर भार पुढे जातो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि शेपूट बाहेर जाते. हे मीच लेखात लिहिलं होतं. तुम्ही तेवढंच उचललंत.

त्याच वजनामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाकं रस्ता सोडत नाहीत. जोरात ब्रेक मारला की बहुतेक गाड्यांचा मागचा भाग हलका पडतो. हिच्या मागच्या चाकांवर तेव्हाही भार उरतो, म्हणून गाडी थांबवायला चारही चाकं मदत करतात. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं मॉन्टे कार्लो रॅली ९११ ने जिंकली, पहिली विक एलफर्डने, पुढच्या दोन ब्यॉर्न वाल्डेगार्डने. बर्फाळ घाटांतली शर्यत आहे ती. सुरुवातीच्या गाड्या जास्तच चंचल होत्या, पुढच्या बंपरमध्ये वजनं बसवावी लागली, हे खरं. पण १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरने वाढवला. याला दोष झाकणं म्हणत नाहीत, इंजिनिअरिंग म्हणतात.

बाडन-बाडनहून फ्रॉयडनश्टाटला जाणारा ब्लॅक फॉरेस्टमधला बी ५०० रस्ता मी या गाडीने नेहमी करतो. ब्रेक सरळ रेषेतच संपवायचा. संपवताना ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलायचा म्हणजे नाक खाली बसलेलं राहतं. एरवी पुढचा भाग उलार बैलगाडीसारखा हलका असतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. नाक खाली असतानाच वळवायचं, धीर धरायचा, आणि बाहेरचा रस्ता दिसला की ॲक्सिलरेटर दाबायचा. पाठीमागचं सगळं वजन खाली दबतं आणि गाडी सुटते. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे ओली पानं आली की तळव्यांना कळतं, डोळ्यांच्या आधी. हा क्रम चुकवला तर गाडी माफ करत नाही, आणि बरोबर जमला तर शरीराला जे समजतं ते मला दुसऱ्या कुठल्याही गाडीने दिलेलं नाही. तुम्ही ही गाडी चालवली आहे का, ते प्रतिक्रियेत कुठेच दिसलं नाही.

एक मान्य. हीटर भरवशाचा नाही. एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते, त्यामुळे ऊब इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरते. थंडीत घरचेही तक्रार करतात.

हॅचबॅक वेगात वळत असेल, वळू दे. पेट्रोलचा मुद्दा वाचला. त्यावर मला इथे वाद घालायचा नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढच्या वेळी गाडीबद्दल लिहा, सविस्तर उत्तर देईन. माझ्या पगाराबद्दल लिहिलंत तर देणार नाही.