जड कुलूप म्हणजे भक्कम कुलूप? एका फॉरवर्डचा समाचार

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की भाड्याच्या घरात न मावणारं सामान स्टोरेजच्या खोलीत जातं, आणि पाठोपाठ ग्रुपवर तो फॉरवर्ड येतो. 'सामान स्टोरेजमध्ये ठेवताय? हे वाचाच!' आमच्या ग्रुपवर तो महिन्याभरात चारदा आला. त्यातली सूत्रं थोडक्यात अशी: कुलूप सर्वात मोठं आणि जड घ्या, लिव्हर जितके जास्त तितकं ते तुटायला कठीण, नंबरचं कुलूप सर्वात सुरक्षित, कारण चावीच नाही, गोल डिस्क लॉक तर तुटतच नाही, ते लावलं की विम्याची गरज नाही, आणि दर महिन्याला दोन थेंब खोबरेल तेल सोडा.

वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात मी बरीच वर्षं कुलपं विकली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी वजन. गिऱ्हाईक कुलूप हातात तोलून बघतं, चोर तसं करत नाही. तो कडी बघतो, म्हणजे कुलपाचा वरचा वाकवलेला दांडा. कडी किती जाड आहे, आणि मुख्य म्हणजे बंद कुलपाबाहेर ती किती उघडी राहते. मोठ्या कुलपाचं वजन बरेचदा त्याच्या अंगात असतं. वरची कडी मात्र आठ मिलिमीटरची आणि चांगली दोन इंच लोंबणारी. तिथे बोल्ट कटरचा जबडा आरामात बसतो, किंवा सळई घालून पिळताही येतं. त्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटरच्या, कोयंड्याला घट्ट भिडणाऱ्या आखूड कडीचं लहान कुलूप कितीतरी बरं. कडी कडक पोलादाची आहे का, हे कानस सांगते. मऊ लोखंडावर ती चावते, कडक पोलादावर नुसती घसरते. दुकानदार कानस लावू देणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आम्हीही देत नव्हतो. तेव्हा कडीवर 'हार्डन्ड' कोरलंय का ते बघा आणि कानस घरी लावा. युरोपात ईएन 12320 या मानकात कुलपांच्या 1 ते 6 अशा प्रती ठरतात. त्यात कुलूप ओढून, पिळून, कापून बघतात. वजनाचे वेगळे गुण मिळत नाहीत.

आणि कुलपाआधी कोयंडा बघा, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. त्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही भारी आणा, चोर चार स्क्रू काढून कुलपासकट कोयंडा बाजूला ठेवेल. खोली ठरवायला जाताना कोयंड्याचं भोकही मोजून या. जाड कडी त्यात शिरली नाही की माणसं निमूटपणे बारीक कडीचं कुलूप घेऊन येतात.

लिव्हरचं गणित वेगळं आहे. गोदरेजचं नवताल कुलूप घराघरांत असल्यामुळे लिव्हर हा शब्द सगळ्यांना माहीत. पण लिव्हर म्हणजे आतल्या पट्ट्या. चावीच्या दात्यांनी त्या नेमक्या उंचीवर उचलल्या तरच कुलूप उघडतं. पट्ट्या जास्त तर तारेने उघडणं अवघड, दुसऱ्याची चावी लागण्याची शक्यता कमी. हा फायदा खराच. बिननावाच्या स्वस्त कुलपांच्या एका डझनात पहिल्याच्या चावीने तिसरं उघडलेलं मी स्वतः पाहिलंय. पण कडी कापणाऱ्याला आत सात पट्ट्या आहेत की चार, याच्याशी काय घेणं?

नंबरच्या कुलपाबद्दल फक्त हिशेब करा. तीन चाकं म्हणजे 1000 आकडे. एकेकाला दोन सेकंद धरले तर सगळे आकडे साधारण तेहतीस मिनिटांत संपतात, आणि तोवर कुणी पाहिलं तरी वाटतं की बिचारा स्वतःचाच नंबर विसरलाय. चार चाकांचे 10,000 होतात, पण लोक त्यावर जन्मसाल लावतात. बोटाच्या ठशाचं कुलूप घेणार असाल तर दोन-तीन वर्षं खोली न उघडल्यावर बॅटरीचं काय होईल तेही विचारा.

डिस्क लॉकची स्तुती मात्र बरीचशी खरी आहे. जर्मनीच्या आबुस कंपनीमुळे हा प्रकार नावारूपाला आला. कडी गोल अंगात दडलेली, बाहेर जेमतेम कोयंड्यापुरती दिसते, त्यामुळे बोल्ट कटरला पकड मिळत नाही. पण 'तुटतच नाही'? बॅटरीवरचा ग्राइंडर त्यालाही कापतो, फक्त आवाज आणि ठिणग्या होतात, आणि चोराला नेमकं तेच नको असतं. पातळ पत्र्याच्या नकलाही मिळतात. शिवाय प्रत्येक कोयंड्यात ते बसत नाही.

'विमा नको' हे वाक्य मात्र ज्याने लिहिलं त्याने पॉलिसी उघडलेली नसावी. घराची पॉलिसी सहसा तिच्यावर लिहिलेल्या पत्त्यापुरती असते. स्टोरेजचा पत्ता त्यात आपोआप येत नाही, कंपनीला विचारून लेखी घ्या. दुसरं, घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत बळ वापरून प्रवेश झालेला असणं ही अट असते. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका विमा प्रकरणात पॉलिसीतल्या अशा अटीला धरूनच निकाल दिला. म्हणजे कुणी डुप्लिकेट चावीने गुपचूप उघडून सामान नेलं, कुलपावर ओरखडाही नाही, तर दावा अडकू शकतो. म्हणून माझ्या लेखी कापलेल्या कडीपेक्षा हरवलेली चावी जास्त धोक्याची. चावी किंवा सोबतच्या पट्टीवर कोरलेला नंबर फोटोत येऊ देऊ नका, 'खोली मिळाली!' म्हणून चावीचा फोटो ग्रुपवर टाकणारे आमच्याकडे दोघं निघाले. जादा चावी पॅकर्सच्या माणसाकडे नको, बहिणीकडे ठेवा.

खोबरेल तेल थंडीत थिजतं, एरवी धूळ धरतं, आणि वर्षभरात आत चिकट गाळ होतो. मऊ पेन्सिलीचं शिसं चावीवर घासून कुलूप चार वेळा उघडा-बंद करा. पावसाळा संपल्यावर एकदा केलं तरी पुरतं.