आंब्वाझचा कैदी आणि आपले नावांचे वाद

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठच्या आंब्वाझ गावी ५ फेब्रुवारी २०२२ रोजी अल्जीरियात फ्रेंचांविरुद्ध लढलेले अमीर अब्दुल कादिर यांच्या स्मारकशिल्पाचे अनावरण व्हायचे होते. त्याच्या काही तास आधी अज्ञातांनी शिल्पाची मोडतोड केली. समारंभ मात्र ठरल्याप्रमाणे झाला. त्याच पंधरवड्यात मुंबईत मालाडच्या क्रीडासंकुलाला टिपू सुलतानाचे नाव दिल्यावरून आंदोलने चालली होती. टिपू गादीचा वारस होता आणि अब्दुल कादिर सूफी घराण्यातले विद्वान, त्यामुळे दोघांची तुलना मला करायची नाही. मी इतकी वर्षे फ्रान्समध्ये राहतो आहे आणि दोन्हीकडचे वाद मला सारखेच अस्वस्थ करतात, कारण दोन्हीकडे माणूस अर्धाच वाचला जातो.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीयर्स घेतले आणि दोनच वर्षांनी मास्काराच्या परिसरातील टोळ्यांनी चोविशीतल्या अब्दुल कादिरांना अमीर म्हणून निवडले. पुढची पंधरा वर्षे ते लढले. १८३७ च्या ताफनाच्या तहाने जनरल ब्युजो यांना अल्जीरियाच्या मोठ्या भागावर त्यांची सत्ता मान्य करावी लागली. पण १८३९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले आणि हेच ब्युजो गव्हर्नर-जनरल होऊन आले, तेव्हा उभी पिके जाळणे, गुरे हाकून नेणे आणि धान्याची कोठारे फोडणे हीच फ्रेंचांची युद्धनीती झाली. १८४५ मध्ये दाहराच्या गुहेत आसऱ्याला गेलेल्या शेकडो बायकामुलांना आणि पुरुषांना तोंडाशी आग लावून धुराने गुदमरवून मारण्यात आले. अलेक्झांड्रियाला किंवा पॅलेस्टाईनमधील अक्का येथे जाऊ देण्याच्या वचनावर अमीर डिसेंबर १८४७ मध्ये शरण आले. ते वचन फ्रान्सने मोडले. त्यांना कुटुंबकबिल्यासह १८५२ पर्यंत कैदेत ठेवले, त्यातली जवळपास चार वर्षे आंब्वाझच्या किल्ल्यात; तिथे मरण पावलेल्या त्यांच्या माणसांच्या कबरी किल्ल्याच्या बागेत आजही आहेत.

सुटकेनंतर ते दमास्कसला स्थायिक झाले. जुलै १८६० मध्ये तिथल्या ख्रिस्ती वस्तीवर जमाव चालून गेला, तेव्हा हा मुसलमान धर्मपंडित आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन रस्त्यावर उतरला आणि हजारो ख्रिस्ती जीव वाचले. ज्या फ्रान्सने त्यांना कैद केले होते, त्यानेच मग त्यांना लेजियन ऑफ ऑनरचा सर्वोच्च किताब दिला.

फ्रेंच भाषणांत दमास्कसचे अमीर भरपूर भेटतात, दाहराच्या गुहा क्वचित. अल्जीरियात तलवार उपसलेल्या घोडेस्वाराचा पुतळा उभा आहे, पण १८३८ मध्ये याच अमिराने तिजानी या सूफी पंथाच्या मुसलमानांच्या ऐन माधी गावाला वेढा घातला होता, हे त्या पुतळ्यावरून कळत नाही. १८४६ मध्ये ते दूर असताना त्यांच्या छावणीत फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली, हेही सांगितलेच पाहिजे. हे सगळे मांडूनही माझा त्यांच्याविषयीचा आदर तसूभर कमी होत नाही. उलट एवढे जाणून घेतल्यावरच तो आदर माझ्या लेखी खरा ठरला.

आपल्याकडे ही तयारी मला दिसत नाही. नाव ऐकताच धर्म पाहिला जातो आणि बाजू ठरते; मग एका बाजूला टिपूने कूर्ग आणि मलबारमध्ये केलेल्या अत्याचारांचा उल्लेखही सहन होत नाही, तर दुसऱ्या बाजूला तो १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला इंग्रजांशी लढताना मेला हे मान्य करणे जड जाते. मराठी माणसाला तर आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ लुटला तो मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी, आणि देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली ती टिपूने. क्रीडासंकुलाला त्याचे नाव द्यावे की न द्यावे, हे मुंबईकरांनी ठरवावे. मात्र त्या चर्चेत कूर्गचा विषय नावाच्या समर्थकांनी काढावा आणि शृंगेरीचा विरोधकांनी, एवढी अपेक्षा इथून मी जरूर करतो.