मोरबाथच्या पाद्र्याला संधिसाधू म्हणू नका

सोळाव्या शतकातलं इंग्लंड म्हटलं की आपल्याला आठवा हेन्री आणि त्याच्या सहा बायका आठवतात. मला मात्र डेव्हनमध्ये, एक्समूरच्या कडेला वसलेल्या मोरबाथ गावाची जमाखर्चाची वही त्याहून मोलाची वाटते. वस्ती जेमतेम तेहतीस घरांची. क्रिस्टोफर ट्रिकी १५२० मध्ये तिथे पाद्री म्हणून आला आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या. त्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत आणि लोकर विकून संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या जळत. कोणती मेंढी मेली, कुणाकडे किती लोकर निघाली, सगळं ट्रिकी लिहून ठेवी आणि हिशेब गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवी. पोरांचा निधी वेगळा, पोरींचा वेगळा. बाया संत सिडवेलच्या मूर्तीला आपल्या जपमाळा देत. गरीब गाव, पण कारभारात प्रत्येक घराचा हात!

मृतांसाठीच्या प्रार्थनेला काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रिकीनं वीसेक वर्षं पैसे साठवले. १५४७ मध्ये ती आली एकदाची. त्याच वर्षी हेन्रीचा प्रोटेस्टंट मुलगा सहावा एडवर्ड गादीवर बसला आणि थोड्याच काळात त्या प्रार्थनाच बंद झाल्या. मूर्ती गेल्या, मेंढ्या विकल्या, चर्चची तिजोरी रिकामी. हे वाचताना आजही जीव तुटतो.

१५४९ मध्ये लॅटिनऐवजी इंग्रजी प्रार्थना-पुस्तकाची सक्ती झाली आणि डेव्हन-कॉर्नवॉल पेटलं. एक्झेटरला वेढा पडला. वहीत नोंद आहे ती सेंट डेव्हिड्स डाउनला, म्हणजे बंडखोरांच्या तळावर, गेलेल्या गावच्या पाच तरुणांच्या खर्चाची. तलवारीचे पैसे, धनुष्याचे पैसे. हे बंड सरकारनं निर्दयपणे चिरडलं.

१५५३ मध्ये कॅथलिक राणी मेरी आली, तशा घराघरांत दडवलेल्या वस्तू चर्चमध्ये परतल्या. पुढे प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथ आली आणि जुना कॅथलिक धर्म पुन्हा गेला. ट्रिकीनं तेही मान्य केलं. म्हणून कुणी त्याला वारा येईल तशी पाठ फिरवणारा म्हणतं. मला हे साफ नामंजूर आहे. तो गेला असता तर राजाज्ञा थांबली नसती. वरून कुणीतरी परका पाद्री आला असता, ज्याला कुठल्या घरात कुणाचं मूल दगावलंय हेही ठाऊक नसतं. ज्यांना त्यानं बाप्तिस्मा दिला, ज्यांची लग्नं लावली, त्यांना पुरायलाही तोच हवा होता. मतं मनात ठेवून माणसांपाशी राहणं त्यानं निवडलं, आणि त्याला मी निष्ठाच म्हणेन.