सडका भाग कापून उरलेल्याचा ज्यूस आम्ही करत नाही

नमस्कार दादा, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या पोरानं तुमच्यासमोर अख्खं सफरचंद टाकून दिलं, डाग कापला असता तरी चाललं असतं, हा सगळा शो आहे आणि असल्या नासाडीमुळंच आमचा ज्यूस राजारामपुरीत महाग आहे. रेट जास्त आहे हे खरंय, पण शो अजिबात नाही.

ते सफरचंद मी स्वतः बघितलं. देठाजवळ मऊ पडलेलं, वर निळसर हिरवी बुरशी आणि नाकाजवळ नेलं की मातकट वास. ही बुरशी, पेनिसिलियम एक्सपान्सम म्हणतात तिला, पॅट्युलिन नावाचं विष तयार करते आणि ते नुसतं डागात राहत नाही, बाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं. मग गर्दीच्या टायमाला कुठवर कापायचं हे पोरानं कसं ठरवायचं? आणि एकदा मिक्सरमधे गेलं की रंग नाही चव नाही, कुणाला कळणार पण नाही. उकळून सुद्धा ते जात नाही, म्हणून जॅमला पण असलं फळ घेत नाही. सफरचंदाच्या ज्यूसमधे किलोला 50 मायक्रोग्रॅमच्या वर पॅट्युलिन चालत नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच आहे, आणि आमच्याकडं लहान पोरं, आजारी माणसं ज्यूस प्यायला येतात हो.

प्रत्येक डागाला फेकतो असं पण नाही. गारपिटीचा सुकलेला खरबरीत डाग, सालीवरचा ओरखडा, हे सगळं आम्ही वापरतो. मार्केट यार्डातनं पेटी आली की आधी पूर्ण उलगडतो, दबलेलं फळ बाजूला काढतो कारण बुरशी त्या जखमेतनंच आत शिरते आणि शेजारच्या फळाला लागते. धुतलेलं फळ कोरडं केल्याशिवाय ठेवत नाही. फ्रिजमधे ही बुरशी मरत नाही, नुसती हळू वाढते, त्यामुळं कोल्ड स्टोअरेजचा जुना माल असला की प्रत्येक फळ मधोमध चिरून गाभा बघतो, वरनं चकाचक आणि आत बियांजवळ काळं असली फळं निघतात. ह्याला माणूस लागतो, माल वाया जातो, रेटमधे तो खर्च आहे.



पुन्हा आलात तर पेटी फोडताना सकाळी या, स्वतः निवडून द्या, त्याच फळाचा ज्यूस करून देतो. रेट मात्र तोच राहील.