व्हॅलिडेटर फुकट आहे राजेहो!

काल पुन्हा तेच. आयटी पार्कसमोरच्या टपरीवर सहकारी आमच्या वेबपानाबद्दल म्हणतो, "क्रोममध्ये बरोबर दिसते ना, मग झालं!" काय झालं? वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे पानाचा कोड तपासून चुका दाखवणाऱ्या साधनात, त्या पानाचा पत्ता टाकला, तर चुका संपता संपेनात. एकच आयडी (घटकाची ओळखखूण, पानात एकदाच हवी) चार ठिकाणी, चित्रांना ऑल्ट (चित्राचं शब्दांत वर्णन) नाही. कोड उघडून बघितला, तर अर्जाच्या फॉर्मच्या रकान्यांना लेबलही नाही. आणि अख्खं पान मराठीत असून लँगमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगायच्या जागी, 'ईएन' (इंग्रजी)! मग पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने हे मराठी इंग्रजी उच्चारांत वाचायचं? ज्याला दिसत नाही त्याने तो अर्ज भरायचा कसा? वेबपानं दिव्यांगांनाही वापरता यावीत म्हणून केलेली डब्ल्यूसीएजी २.० ही नियमावली आली २००८ मध्ये, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा. अजून किती वर्षं पाहिजेत? दोन मिनिटांची तपासणी, तीही "लाँचनंतर बघू"! लाँचनंतर कोण बघते हो?